नोट : एका शब्दाची पत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे मी याच इमारतीतील एका बाकावर चार वर्षे बसलो. पुढे विदर्भातील महाविद्यालयांत तीस-बत्तीस वर्षे मराठी शिकविले, एक प्रबंध लिहिला, निवृत्त झालो आणि आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा याच शाळेत उभा आहे. तेव्हा हे व्याख्यान म्हणजे विद्वानाचे प्रवचन नव्हे. उशिरा दिलेला गृहपाठ आहे, असे समजून ऐकावे ही विनंती.

विषय मी अगदी साधा निवडला आहे. आपल्या प्रत्येकाच्या खिशात, बटव्यात किंवा पदराच्या गाठीला जी असते, ती नोट. ती कोणी छापली, किती छापल्या, हा अर्थशास्त्राचा प्रांत झाला. मला बोलायचे आहे ते 'नोट' या शब्दाविषयी. हा शब्द कोठून आला, आपल्याकडे आल्यावर त्याने कोणते कुळ धरले, आणि बालाघाटसारख्या दोन भाषांच्या शिवेवरील गावात त्याचे काय झाले, एवढाच आजचा विस्तार.

विषय सुचला तोही गुरुजींच्याच एका तासावरून. वर्गात आम्ही निम्मे मराठी घरांतले, तर काहींच्या घरी पवारी, काहींच्या घरी हिंदी. एके दिवशी फीचे पैसे भरताना एका मुलाची दोन रुपयांची नोट फाटली. तो म्हणाला, "गुरुजी, मेरा नोट फट गया." शेजारचा मराठी मुलगा हसला आणि म्हणाला, "अरे, नोट फाटला नाही, फाटली." दोघांची जुंपली. गुरुजींनी फी बाजूला ठेवली आणि फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. म्हणाले, "दोघेही बरोबर. नोट एकच आहे. ती हिंदीच्या घरी गेली की मुलगा होते आणि मराठीच्या घरी आली की मुलगी होते. आता दोघांनी घरी जाऊन विचार करा, असे का?" त्या 'का'चे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली. आज त्यातले थोडे सांगतो.

प्रथम मूळ पाहू. लॅटिन भाषेत 'नोता' म्हणजे खूण. ओळखीसाठी केलेले चिन्ह. त्यावरून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत 'नोट' आला, आणि खूण, टिपण, छोटी चिठ्ठी असे त्याचे अर्थ होत गेले. सतराव्या शतकात लंडनचे लोक आपले सोनेनाणे सोनारांकडे ठेवीत आणि सोनार त्यांना चिठ्ठी लिहून देत : हे आणणाऱ्यास एवढी रक्कम देईन. लोकांना लवकरच उमगले की, सोने आणायला जाण्याऐवजी ती चिठ्ठीच एकमेकांना दिली तरी काम भागते. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि तिच्या चिठ्ठ्याही तशाच फिरू लागल्या. म्हणजे नोट ही जन्मतः पैसा नव्हे. ती पैसा देण्याचे वचन आहे. आपल्या कायद्याच्या मराठीत प्रॉमिसरी नोटेला 'वचनचिठ्ठी' म्हणतात. हा शब्द ज्याने घडविला त्याला नोटेचे वर्म कळले होते, असे मला वाटते.

हे वचन आपल्याला नवे होते काय? मुळीच नाही. इंग्रजी नोट येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पेठांत हुंडी होती. प्रबंधाच्या निमित्ताने मी जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या चाळल्या, तेव्हा या हुंडीभोवती केवढा शब्दसंसार उभा होता ते पाहून थक्क झालो. दाखविताच पैसे द्यायचे ती दर्शनी, मुदतीनंतर द्यायचे ती मुदती. पत असलेल्या सावकारालाच रक्कम मिळावी ती शाहजोग. माल पोहोचला तरच पैसे, अशी जोखमी. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, ती पैठ. तीही गहाळ झाली तर परपैठ. आणि त्यानंतर मेजर. पैसे चुकते होऊन हुंडी निकामी झाली की तो खोखा.

या व्यवहाराने आपल्या भाषेला जे दिले ते आजही आपल्या तोंडी आहे. हुंडीचे पैसे मिळाले म्हणजे हुंडी 'वटली'. आज आपण धनादेश वटला म्हणतो, तो याच हुंडीचा वारसा. हुंडी किंवा परमुलखातील नाणे घेताना सराफ जी कसर कापून घेई तो बट्टा. आणि आपण म्हणतो, 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला.' सावकाराचा विश्वास ती पत; आणि माणसाची अब्रू तीही पतच. पैशाची भाषा आणि इभ्रतीची भाषा मराठीत एकाच टांकसाळीतून निघालेली आहे.

नाण्यांच्या शब्दांकडे पाहिले तरी हेच दिसते. रुपया हा संस्कृत 'रूप्य' शब्दावरून आला. पाणिनीने 'रूप्य' हा शब्द साधताना ठसा उमटविलेले असा अर्थ दिला आहे. रूप म्हणजे येथे ठसा, म्हणजे पुन्हा खूणच. 'दाम' हा ग्रीकांच्या 'द्राख्मा'चा वंशज. संस्कृतात तो 'द्रम्म' झाला आणि आपल्याकडे दाम होऊन एवढा रुळला की त्याचा परदेशी जन्म कोणाच्या ध्यानीमनी नसतो. तेव्हा 'नोट' इंग्रजी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. शब्द परका असणे हा दोष नव्हे. तो आपल्या घरात येऊन घरचा झाला की नाही, हे पाहायचे.

कागदी पैशाला सर्वत्र असे घर मिळाले असे नाही. चीनमध्ये सेचुआन प्रांतात लोखंडी नाणी जड म्हणून व्यापाऱ्यांनी चिठ्ठ्या काढल्या आणि १०२४ साली राज्यसत्तेने तो व्यवहार आपल्या हाती घेतला. पुढे १२९४ साली इराणात तब्रीझच्या सुलतानाने चिनी धर्तीवर कागदी पैसा काढला, नावही चिनीवरूनच घेतले : चाव. सक्ती केली, शिक्षेचे भय घातले. बाजार ओस पडले आणि थोड्याच दिवसांत ते चलन मागे घ्यावे लागले. त्याबरोबर तो शब्दही व्यवहारातून गेला. आपल्याकडे महंमद तुघलकाने चांदीच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालविण्याचा असाच प्रयोग केला आणि तो असाच फसला. हुकुमाने चिठ्ठी काढता येते. तिच्यावरचा विश्वास हुकुमाने निर्माण होत नाही.

हिंदुस्थानात सरकारी नोट आली ती १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने. त्यापूर्वी मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील बँका आपापल्या नोटा काढीत. तो अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. पहिल्या नोटा एका बाजूला छापलेल्या, वर राणी व्हिक्टोरियाचे चित्र. पण त्यांतली एक गोष्ट आज ऐकून नवल वाटेल. नोट देशभर चालत नसे. देशाची मंडळे पाडली होती आणि ज्या मंडळाची नोट त्या मंडळातच ती कायद्याने चाले. मुंबई-कलकत्त्याप्रमाणे आपले नागपूर आणि अकोला ही नावेही त्या काळच्या नोटांवर होती. मंडळाबाहेर गेले की नोटेला बट्टा बसे. टपालाने पैसे पाठवायचे तर लोक नोट मधोमध कापीत, अर्धी आज पाठवीत आणि पोच आली की उरलेली अर्धी. पाच रुपयांची नोट १९०३ पासून ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली. दहा, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नोटांना तो मान १९१० आणि १९११ मध्ये मिळाला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची नोट निघाली. तेव्हा नोट खऱ्या अर्थाने गरिबाच्या हाती आली, आणि शब्दही खेड्यात पोहोचला. १९२८ पासून नोटा आपल्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या.

आता गुरुजींच्या 'का'कडे येतो. परभाषेतील शब्दाला लिंग नसते किंवा आपल्यासारखे नसते. तो आपल्याकडे आला की भाषा त्याला कोणत्या तरी नात्यात बसविते. हिंदीने नोट पाहिली आणि तिला रुपया दिसला. रुपया पुल्लिंगी, म्हणून सौ का नोट. मराठीने नोट पाहिली आणि तिला हुंडी दिसली, चिठ्ठी दिसली, पावती दिसली. या साऱ्या स्त्रीलिंगी, म्हणून शंभराची नोट. गुजराती ही हुंडीच्या व्यापारात मुरलेली भाषा. तिच्यातही नोट स्त्रीलिंगीच आहे. हुंडी हिंदीतही स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ही माझी उपपत्ती निर्णायक आहे असा माझा दावा नाही. पण मला ती आवडते. कारण तिच्यात असे आहे की, हिंदीने नोटेचे मोल पाहिले आणि मराठीने नोटेतले वचन पाहिले.

एकदा लेक म्हटल्यावर मराठीने तिला सारे लेकीचे लाड दिले. 'वाट'चे जसे 'वाटा', तसे 'नोट'चे 'नोटा'. नोटेवर, नोटेची, नोटांचा. कोरी करकरीत नोट, बंदी नोट, मळकी नोट. नोट मोडायची, म्हणून सुट्या पैशांना मोड. माझे वडील येथील धानाच्या गिरणीत मुनीम होते. शंभराच्या नोटेला ते 'नंबरी' म्हणत आणि तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवल्याशिवाय ती हातावेगळी करीत नसत. २०१६ साली पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा वर्तमानपत्रे पाहा. हिंदी पत्रांनी लिहिले 'नोटबंदी'. मराठी पत्रांनी लिहिले 'नोटाबंदी'. एका काना एवढाच फरक. पण त्या एका कान्यात मराठीचे सारे व्याकरण उभे आहे. (मतदानयंत्रावर २०१३ पासून जो 'नोटा' आहे तो निराळा, तो इंग्रजी आद्याक्षरांचा. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत गल्लत करू नये.) शासकीय शब्दही असेच बोलके आहेत. हिंदीने म्हटले विमुद्रीकरण, मराठीने म्हटले निश्चलनीकरण. एकीने पैशात मुद्रा पाहिली, दुसरीने चलन. एकीने ठसा, दुसरीने चाल. दोन्ही दृष्टी खऱ्या, आणि बालाघाटच्या माणसाला दोन्ही उपलब्ध आहेत, हे त्याचे भाग्य.

हे भाग्य आपण सांभाळले आहे काय? येथे मला थोडे थांबावे लागेल.

आपला हा जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून झाला; म्हणजे जन्मतःच दोन भाषांचा. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिले. मी तेव्हा सहा वर्षांचा. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, आणे-पै जाऊन नवे पैसे आले. मोठी माणसे दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलत, म्हणून कित्येक दिवस मला असे वाटे की, आपले राज्य बदलले म्हणूनच आपले नाणे बदलले. बाजारात आण्याचे सहा नवे पैसे मिळत आणि पाव पैसा कोठे गेला म्हणून आजी दुकानदाराशी भांडे. नाण्यातली ती तूट सर्वांना दिसली. भाषेतली तूट कोणाला दिसली नाही, कारण ती एकदम झाली नाही. पै-पै करून झाली.

याबद्दल मी हिंदीला दोष देत नाही. हिंदीने मला मित्र दिले, अन्न दिले. एवढेच सांगतो की, आपल्या मराठीला गावातच बट्टा बसू लागला, मंडळाबाहेरच्या नोटेला बसे तसा. कचेरीत ती चालेना, मग बाजारात चालेना, मग आपणच ती घरात ठेवून बाहेर पडू लागलो. आणि घरात ठेवलेल्या पैशाचे पुढे काय होते, ते मला २०१७ साली पाहायला मिळाले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी आई गेली. नव्वदी ओलांडलेली होती. तेरवीनंतर तिची पेटी उघडली. एका जुन्या नऊवारीच्या घडीत पाचशेच्या नऊ नोटा निघाल्या, रद्द झालेल्या. नोटाबंदीच्या दिवसांत आम्ही तिला विचारले होते. तिला आताशा ऐकू कमी येई, ती नुसती हसली होती. बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०१६ लाच संपली होती आणि नंतरच्या कायद्याने त्या नोटांवरची बँकेची जबाबदारीही संपली होती. दहापर्यंत नोटा जवळ बाळगण्याची मुभा होती, म्हणून त्या आमच्याकडे राहिल्या. त्यांचे मोल शून्य.

पण प्रत्येक नोट एका चिठ्ठीत गुंडाळलेली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर आईच्या वळणदार अक्षरात काहीतरी लिहिले होते. एकीवर धाकट्या सुनेचे नाव, एकीवर कामवाल्या बाईच्या मुलीचे. एका चिठ्ठीवर माझ्या नातीचे, म्हणजे आईच्या पणतीचे नाव होते आणि खाली एकच शब्द : 'बोळवणीला'. नात तेव्हा रायपूरला इंग्रजी शाळेत नववीत. तिने चिठ्ठी हातात घेतली आणि अडखळता वाचली, कारण लिपी तर हिंदीचीच. मग मान वर करून म्हणाली, "आजोबा, बोळवण मतलब?"

मित्रहो, मी तीस वर्षे मराठी शिकविली आणि माझ्या घरात हा प्रश्न विचारला गेला. लेकीला सासरी पाठविताना माहेरचे तिच्या हाती जे ठेवतात आणि ज्या मनाने ठेवतात, त्याला बोळवण म्हणतात, हे मी तिला सांगितले. सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही. पाचशेची नोट रद्द झाली त्याचे मला काही वाटले नाही. तिच्यावर ज्याने सही केली होती तो मला ओळखीत नव्हता. पण त्या चिठ्ठीवर जिने लिहिले होते तिला मी ओळखत होतो, आणि तिचा शब्द माझ्या नातीपाशी वटत नव्हता. तो का वटला नाही? आईकडून नव्हे, मधल्या पिढीकडून, म्हणजे माझ्याकडून तो पुढे दिला गेला नाही. महाविद्यालयात मराठी आणि घरी नातवंडांशी हिंदी, हा सोयीचा मार्ग मीच पत्करला होता. सभागृहातील माझ्या वयाच्या मंडळींनी आपापल्या मनाला विचारावे. मी माझ्यापुरते कबूल करतो.

त्या नऊही चिठ्ठ्या आम्ही पाळल्या. नव्या नोटा आणल्या आणि ज्याच्या-त्याच्या हाती आईची चिठ्ठी आणि नोट दिली. नातीची मात्र तिच्या लग्नापर्यंत राखून ठेवली आहे. त्या दिवसापासून मी तिच्याशी मराठीत बोलतो. ती चुकते, मी दुरुस्त करतो, ती हसते. तिने एकदा 'माझा नोट' म्हटले, तेव्हा मला गुरुजींचा फळा आठवला आणि मी तिला दोन्ही वाक्ये लिहून दिली.

आता नोटेचेही दिवस पालटत आहेत. भाजीवालीच्या गाडीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चौकोन लटकतो आणि पैसे पोहोचल्याचे यंत्र मोठ्याने सांगते. कदाचित 'नोट' हा शब्दही उद्या 'दमडी' आणि 'अधेला' यांच्या पंगतीला जाऊन बसेल. त्याची खंत करू नये. चलन बदलतेच, त्याचे नावच चलन. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. एक रुपयाच्या नोटेवर, १९४० पासून, ते नसते. कारण कायद्याने ती नोट म्हणजे नाणेच. तिच्यावर सही असते ती वित्त सचिवांची. बाकीच्या साऱ्या नोटा म्हणजे कोणीतरी दिलेला शब्द. आणि नोटेच्या मागच्या बाजूला जी भाषांची पट्टी आहे, तिच्यात मराठीतही लिहिलेले असते : शंभर रुपये. समोर हिंदीतही 'रुपये'च. या 'रुपये'चीसुद्धा कथा आहे. स्वतंत्र भारताच्या नोटांवर १९५३ साली हिंदी ठळकपणे आली, तेव्हा रुपयाचे अनेकवचन कसे लिहावे यावर वाद होऊन मग 'रुपये' ठरले. ज्या देशात एका अनेकवचनासाठी एवढा विचार झाला, तेथे भाषेला मोल नाही असे कोण म्हणेल?

म्हणून शेवटी दोनच विनंत्या. विद्यार्थ्यांना : तुमच्या आजीचे दहा शब्द, जे तुम्हाला कळत नाहीत, ते वहीत उतरून आणा, मराठी असोत, पवारी असोत, गोंडी असोत. तिच्या हयातीत उतरवा. आणि माझ्या बरोबरीच्या माजी विद्यार्थ्यांना : घरात जे शब्द आपण पेटीत ठेवले आहेत ते बाहेर काढा. मुदत अजून संपलेली नाही.

गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला साठ वर्षे लागली. ते समोर असते तर त्यांनी वहीवर लाल शाईने काय शेरा मारला असता, मला ठाऊक नाही.